नवा पीसी, जुनी विंडोज: लायसन्स हलवताना काय करायचं, कोणत्या क्रमाने

नवा पीसी असेंबल करणारा माणूस प्रोसेसर कुठला, बोर्ड कुठला, कॅबिनेटला पंखे किती यावर महिनाभर डोकं लावतो. विंडोजचा विषय मात्र सगळं जोडून झाल्यावर निघतो, तोही बहुतेक वेळा दुकानदाराच्या तोंडून: "विंडोज टाकून देऊ का?" तोपर्यंत जुना पीसी भावाच्या मुलाला देऊन झालेला असतो, नाहीतर सुटा करून ओएलएक्सवर चढलेला असतो. आणि लायसन्स हलवण्याचं निम्म्याहून जास्त काम जुन्या पीसीवरच करायचं असतं. म्हणून हा लेख जुना पीसी अजून चालू आहे असं धरूनच लिहिला आहे. तो बंद पडला असेल तर काय करायचं, तेही पुढे येईलच.

आधी ठरवा: तुमचं लायसन्स हलतं का?

घरगुती वापरात विंडोजची लायसन्सं मुख्यतः दोन जातींची. एक रिटेल, म्हणजे तुम्ही वेगळे पैसे मोजून घेतलेलं: खोक्यातून, प्रॉडक्ट की (पंचवीस अक्षरी कोड) छापलेल्या कार्डावरून किंवा मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन स्टोअरवरून. हे तुमच्या मालकीचं असतं आणि एका वेळी एकाच पीसीवर, पण एका पीसीवरून दुसऱ्यावर नेता येतं. दुसरं ओईएम, म्हणजे लॅपटॉप किंवा ब्रँडेड डेस्कटॉपसोबत आलेलं. ते त्या मशीनच्या मदरबोर्डाशी बांधलेलं असतं आणि त्या मशीनसोबतच संपतं. तिसरी जात व्हॉल्यूमची, ती कंपन्या, कॉलेजं आणि सरकारी कार्यालयांची. घरच्या पीसीवर ती दिसली तर काहीतरी गडबड आहे असं समजा. त्यावर पुढे बोलू.

आपल्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "जुना लॅपटॉप गेला, त्यावर ओरिजिनल विंडोज होती, ती नव्या डेस्कटॉपवर घेता येईल का?" नाही. लॅपटॉपच्या किमतीत विंडोज धरलेली होती हे खरं, पण ती त्या लॅपटॉपपुरतीच. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर "होम सिंगल लँग्वेज" ही आवृत्ती असते. सेटिंग्जमध्ये हे शब्द दिसले, तर तुमचं लायसन्स मशीनसोबत आलेलं आहे हे जवळजवळ नक्की. मग उरलेला लेख चाळा हवं तर, पण नव्या पीसीच्या बजेटमध्ये विंडोजची वेगळी ओळ आत्ताच घाला.

पायरी १: जुन्या पीसीला विचारा

स्टार्ट मेनूत सीएमडी शोधा, त्यावर राइट क्लिक करून "रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर" घ्या. काळ्या खिडकीत इंग्रजी अक्षरांत टाइप करा: एसएलएमजीआर, मग एक स्पेस, तिरकी रेघ आणि तिला चिकटून डीएलआय. एंटर. दोन-चार सेकंदांनी एक छोटी चौकट उघडेल. तिच्यात चार ओळी वाचायच्या.

पहिली ओळ आवृत्तीची: होम, प्रोफेशनल की आणखी काही. ही लिहून ठेवा, इन्स्टॉल करताना लागणार आहे. दुसरी ओळ वर्णनाची, तिच्या शेवटी चॅनलचं नाव असतं. "रिटेल चॅनल" असेल तर आशा आहे. "ओईएम" ने सुरू होणारं काहीही, म्हणजे ओईएम_डीएम, ओईएम_एसएलपी वगैरे दिसलं, तर लायसन्स हलणार नाही. तिसऱ्या ओळीत कीची शेवटची पाच अक्षरं, चौथीत लायसन्सची स्थिती.

"रिटेल" दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका, तिसरी ओळ पाहा. पाच अक्षरं "३व्ही६६टी" किंवा "८एचव्हीएक्स७" असतील, तर ती तुमची की नाहीच. ती अनुक्रमे प्रो आणि होमसाठी मायक्रोसॉफ्टने स्वतः वापरलेली सामायिक की आहे, जगभर लाखो मशीनवर तीच असते. अशा मशीनचं खरं लायसन्स मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर त्या हार्डवेअरच्या नावाने नोंदलेलं असतं, त्याला डिजिटल लायसन्स म्हणतात. ते कुठून आलं ते तुम्हालाच आठवावं लागेल. स्टोअरमधून विकत घेतलं असेल तर ते रिटेल. २०१५-१६ मध्ये विंडोज ७ किंवा ८ वरून फुकट १० वर गेला असाल, तर मूळ विंडोज ७ ज्या जातीची होती तीच जात पुढे चालते. लॅपटॉपसोबत आलेली विंडोज ७ फुकट अपग्रेड होऊन रिटेल होत नाही, चौकटीत शब्द काहीही दिसो.

याच कारणाने "तुमची की शोधून देतो" म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर फारशी कामाची नाहीत. ती पूर्ण पंचवीस अक्षरं दाखवतात, माणूस ती जपून वहीत उतरवतो आणि नव्या पीसीवर टाकल्यावर कळतं की ही तीच सामायिक की होती.

आता व्हॉल्यूम. चॅनलच्या जागी "व्हॉल्यूम_केएमएसक्लायंट" दिसत असेल आणि पीसी कुठल्या कंपनीचा नसेल, तर कोणीतरी अ‍ॅक्टिव्हेटर, म्हणजे लायसन्स नसताना विंडोज अ‍ॅक्टिव्हेट करून दाखवणारं सॉफ्टवेअर, मारलेला आहे. खात्रीसाठी त्याच खिडकीत एसएलएमजीआर आणि तिरकी रेघ एक्सपीआर टाका. खरं घरगुती लायसन्स "कायमचं अ‍ॅक्टिव्हेट झालं आहे" अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य दाखवतं. केएमएसवाल्या (कंपनीच्या सर्व्हरवरून अ‍ॅक्टिव्हेट होणाऱ्या) मशीनवर तारीख दिसते, कारण ती पद्धत एका वेळी १८० दिवसांचीच मुदत देते. म्हणजे तुमच्याकडे हलवायला लायसन्सच नाही. "ओरिजिनल टाकून दिली होती" असं दुकानदार कितीही म्हणाला तरी.

पायरी २: बिल आणि की शोधा

रिटेल लायसन्स असेल तर खोकं, कार्ड किंवा ऑर्डरचा ईमेल शोधून काढा. मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून घेतलं असेल तर खात्याच्या ऑर्डर हिस्टरीत असतं. कार्डाचा फोटो काढून ठेवा, पण तो फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून "ही की चालेल का" असं विचारू नका. तशा फोटोतली की दुसरं कोणी आधी वापरतं.

जुन्या विंडोज ७ च्या खोक्यातली की सापडली तर तिच्यावर भिस्त ठेवू नका. अनेक वर्षं ती १० आणि ११ वर चालून जायची, पण सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो रस्ता बंद केल्याचं जाहीर केलं. त्याआधी जी मशीन अ‍ॅक्टिव्हेट झाली ती तशीच राहिली, नव्यांना प्रवेश नाही. विंडोज १० ची रिटेल की मात्र विंडोज ११ च्या त्याच आवृत्तीला चालते.

पायरी ३: डिजिटल लायसन्स खात्याला जोडा, आणि पीसीला नाव द्या

ही पायरी पाच मिनिटांची आहे आणि नेमकी हीच राहून जाते. जुन्या पीसीवर सेटिंग्ज, सिस्टीम, अ‍ॅक्टिव्हेशन इथे जा. विंडोज १० असेल तर अपडेट अँड सिक्युरिटी, अ‍ॅक्टिव्हेशन. तिथे लायसन्स "तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडलेलं आहे" असं इंग्रजीत लिहिलेलं दिसलं पाहिजे. नुसतं "डिजिटल लायसन्सने अ‍ॅक्टिव्हेट" एवढंच दिसत असेल, तर तिथूनच "अ‍ॅड अकाउंट" करून लॉग इन करा. लॉग इन केलेला यूजर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर हवा.

आता सिस्टीममधल्या "अबाउट" मध्ये जाऊन "रीनेम धिस पीसी" करा. विंडोज आपणहून "डेस्कटॉप" आणि पुढे सात विचित्र अक्षरं असं नाव देते. घरात तीन पीसी एकाच खात्यावर असतील तर नव्या मशीनवर यादी उघडते तेव्हा तिन्ही सारखेच दिसतात आणि कोणता निवडायचा हे कळत नाही. "जुना-हॉल" असलं साधं नाव पुरतं.

खात्याचा पासवर्ड आठवतो का, तेही याच वेळी पाहून घ्या. आणि रिकव्हरीला दिलेला मोबाइल नंबर दहा वर्षांपूर्वीचा बंद पडलेला नाही ना?

पायरी ४: डेटा, टॅली आणि एन्क्रिप्शन

बॅकअपवर मी लांबण लावत नाही, फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या. दोन गोष्टी मात्र वेगळ्या सांगायला हव्यात.

पहिली: विंडोजशिवाय आणखी कोणती लायसन्सं त्या पीसीत अडकली आहेत? दुकान किंवा ऑफिसचा पीसी असेल तर टॅली बहुधा असतेच. तिचा नियम विंडोजपेक्षा कडक आहे: जुन्या पीसीवरून लायसन्स आधी "सरेंडर" करावं लागतं, मगच नव्यावर अ‍ॅक्टिव्हेट होतं. पीसी फॉरमॅट मारल्यावर हे आठवलं तर टॅलीच्या पार्टनरला (विक्रेत्याला) फोन करत बसावं लागतं. डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर आणि डीटीपीवाल्यांचा डोंगलही याच यादीत.

दुसरी: जुनी एसएसडी काढून नव्या पीसीत लावायचा विचार असेल, तर ती एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) आहे का ते आधी पाहा. होम आवृत्तीतही "डिव्हाइस एन्क्रिप्शन" असतं आणि अनेकांना ते चालू आहे हे माहीतच नसतं. बोर्ड बदलला की विंडोज निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. आधीच पाहून कागदावर उतरवून ठेवा, किंवा काम होईपर्यंत एन्क्रिप्शन बंद करा.

माझं स्पष्ट मत: जुनी एसएसडी जशीच्या तशी लावू नका. पीसी सुरू होतो बऱ्याचदा, पण जुन्या बोर्डाचे ड्रायव्हर, जुन्या ग्राफिक्स कार्डाची सॉफ्टवेअर, तीन वर्षांचा कचरा, हे सगळं नव्या महाग हार्डवेअरवर घेऊन कशाला जायचं? कोरी विंडोज टाका.

पायरी ५: पेनड्राइव्ह तयार करा

कमीत कमी ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून विंडोज ११ चं मीडिया क्रिएशन टूल उतरवा, चालवा, पेनड्राइव्ह निवडा. विंडोज १० बनवण्यात आता अर्थ नाही, तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. टेलिग्रामवरची "लाइट विंडोज" किंवा दुकानातली "सगळी सॉफ्टवेअर भरलेली" विंडोज घेऊ नका. तुमचं लायसन्स खरं असूनही पीसीत काय काय शिरलं आहे हे कधीच कळणार नाही.

त्याच वेळी दुसऱ्या पेनड्राइव्हवर नव्या मदरबोर्डाच्या साइटवरून लॅन आणि वाय-फायचे ड्रायव्हर घेऊन ठेवा. विंडोज ११ च्या सेटअपला इंटरनेट लागतं, आणि अगदी नव्या बोर्डावरची नेटवर्क चिप तिला कधी कधी ओळखू येत नाही. मग "कनेक्ट टू नेटवर्क" च्या पानावर रिकामी यादी आणि पुढे जायला बटण नाही, अशी अवस्था होते. मोबाइल यूएसबीने लावून टेदरिंग केलं तरी बऱ्याचदा भागतं.

पायरी ६: इन्स्टॉल

नव्या पीसीच्या बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) जा, पीसी सुरू होताना दाबायचं, बहुतेक बोर्डांवर डिलीट बटण. तिथे टीपीएम (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय) चालू आहे का पाहा. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी नावाने असतं, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. नवे बोर्ड ते चालू करूनच येतात. जुना, वापरलेला प्रोसेसर घेतला असेल तर तो इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा रायझन २००० मालिकेचा तरी हवा, नाहीतर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही.

बूट मेनूचं बटण बोर्डागणिक वेगळं: असूसला एफ८, एमएसआय आणि अ‍ॅसरॉकला एफ११, गिगाबाइटला एफ१२. पेनड्राइव्ह निवडा.

सेटअप प्रॉडक्ट की मागेल. की हातात असली तरी इथे "आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की" वर क्लिक करा. की चुकीची टाकली, आवृत्ती जुळली नाही, नेट नाही, यांतलं काहीही झालं तरी गोंधळ वाढतो, आणि नंतर टाकता येतेच. पुढच्या पानावर मात्र डोळे उघडे ठेवा. तिथे आवृत्त्यांची यादी येते आणि पहिल्या पायरीत लिहून ठेवलेलीच आवृत्ती निवडायची. लायसन्स होमचं आणि "प्रो भारी असतं" म्हणून प्रो टाकलं, तर ते अ‍ॅक्टिव्हेट होणार नाही. परत सगळं पहिल्यापासून.

इन्स्टॉल झाल्यावर ड्रायव्हर टाका, विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या. या काळात स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात "अ‍ॅक्टिव्हेट विंडोज" असा फिकट मजकूर दिसला तरी घाबरू नका. पीसी चालतो, काम करता येतं, फक्त वॉलपेपर आणि रंग बदलायच्या सोयी बंद असतात. घाईघाईत कुठूनतरी अ‍ॅक्टिव्हेटर उतरवण्याची वेळ हीच असते, आणि तो मोह टाळायचाही.

पायरी ७: अ‍ॅक्टिव्हेशन

तुमच्याकडे पंचवीस अक्षरी की असेल तर आधी जुन्या पीसीवर ती काढा. पहिल्यासारखीच अ‍ॅडमिन खिडकी उघडून एसएलएमजीआर, स्पेस, तिरकी रेघ यूपीके. मग त्याच पद्धतीने तिरकी रेघ सीपीकेवाय, म्हणजे रजिस्ट्रीत उरलेली कीही पुसली जाईल. याने मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला काही कळत नाही, फक्त त्या पीसीवरची की जाते. तरी करायचंच, कारण लायसन्सची अट एका वेळी एका पीसीची आहे. आता नव्या पीसीवर सेटिंग्ज, सिस्टीम, अ‍ॅक्टिव्हेशन, "चेंज प्रॉडक्ट की". टाका, नेक्स्ट, झालं.

की नसून डिजिटल लायसन्स असेल, तर नव्या पीसीवर त्याच मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग इन करा. अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर "ट्रबलशूट" बटण असतं. हे बटण विंडोज अ‍ॅक्टिव्हेट झालेली नसेल तेव्हाच दिसतं, एरवी ते शोधत बसू नका. ते काही वेळ फिरून "अ‍ॅक्टिव्हेट करता आलं नाही" म्हणेल. तिथे थांबू नका. खाली "आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली" अशी बारीक ओळ असते, तिच्यावर क्लिक करा. पासवर्ड, मग तुमच्या उपकरणांची यादी. त्यात "जुना-हॉल" निवडा, "धिस इज द डिव्हाइस आय अ‍ॅम यूझिंग राइट नाऊ" वर टिक करा आणि अ‍ॅक्टिव्हेट. तुम्ही जुन्या पीसीचं नाव निवडून "हाच मी आत्ता वापरतोय" म्हणताय, हे खोटं वाटतं खरं, पण मायक्रोसॉफ्टने सोय तशीच केली आहे.

फक्त रॅम, एसएसडी किंवा ग्राफिक्स कार्ड बदललं तर हे सगळं सहसा करावंच लागत नाही. हार्डवेअरची ओळख पटवताना मुख्य वजन मदरबोर्डाचं.

अडलं तर

एरर कोड लांबलचक असतात, शेवटची अक्षरं पाहा. शेवटी "एफ२११" असेल तर हार्डवेअर बदललंय एवढंच विंडोज सांगते आहे, वरचा ट्रबलशूटचा रस्ता घ्या. "एफ२१२" म्हणजे लायसन्स एका आवृत्तीचं आणि टाकलेली विंडोज दुसऱ्या. "एफ०५०" म्हणजे की चुकीची, बऱ्याचदा ८ आणि बी मधला गोंधळ असतो. "सी००८" म्हणजे की आधीच दुसरीकडे वापरात आहे. की तुमचीच असेल तर विंडोजमधलं "गेट हेल्प" अ‍ॅप उघडून माणसाशी चॅट मागा, जुना पीसी बंद केल्याचं सांगा, बिल समोर ठेवा. जुना पीसी जळाला किंवा चोरीला गेला आणि खातंही जोडलेलं नव्हतं, तर हाच एक मार्ग उरतो, आणि तिथे बिलाशिवाय तुमच्या बाजूने बोलणारं काही नसतं.

"एफ०७४" दिसला तर पीसी कुठल्यातरी कंपनीचा केएमएस सर्व्हर शोधतो आहे. घरच्या नव्या पीसीवर हा एरर आला तर विंडोज कुणी आणि कशी टाकली ते त्यांनाच विचारा. ऑनलाइन पाचशे रुपयांत मिळणाऱ्या कीचंही बऱ्याचदा असंच होतं. त्या एखाद्या संस्थेच्या व्हॉल्यूम करारातून फुटलेल्या असतात, आज चालतात, उद्या रद्द होतात, आणि विकणारा तोवर नाव बदलून बसलेला असतो.

नवीन लायसन्स घ्यायचंच ठरलं तर लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा गल्लीतल्या दुकानात, जीएसटीच्या बिलावर विंडोजची स्वतंत्र ओळ आणि लायसन्स रिटेल आहे का ओईएम हे लिहून घ्या. ओईएम थोडं स्वस्त मिळतं, पण पुढच्या पीसीला पुन्हा हीच पाळी येईल.

जुन्या पीसीचं काय

लायसन्स नव्यावर गेलं असेल तर जुन्यावरची विंडोज पुसणं हा अटीचाच भाग आहे. कोणाला द्यायचा असेल तर उबंटू किंवा लिनक्स मिंट टाकून द्या, ब्राउझर आणि शाळेच्या प्रोजेक्टला पुरेसं आहे. जुना पीसी ब्रँडेड असेल आणि त्याची विंडोज ओईएम असेल तर ती तिथेच राहू द्या, "रीसेट धिस पीसी" मध्ये "रिमूव्ह एव्हरीथिंग" करून डेटा पुसा.

खात्याच्या उपकरणांच्या यादीतून जुना पीसी काढून टाकायची घाई करू नका. तो आधी काढला तर ट्रबलशूटच्या यादीत दिसतच नाही आणि सातव्या पायरीचा रस्ता बंद होतो. नव्या पीसीच्या अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर लायसन्स खात्याशी जोडल्याचं वाक्य दिसू द्या, पीसी एकदा रीस्टार्ट करून तेच पान पुन्हा पाहा, मग "जुना-हॉल" काढा.